प्रतिध्वनीने केलेली नेत्रपरीक्षा



या व्यासपीठावर इतिहास, संतवाङ्मय किंवा राजकारण असा विषय असला म्हणजे वक्त्याचे निम्मे काम श्रोत्यांनी घरूनच करून आणलेले असते. माझ्या विषयाचे तसे नाही. आवाजाने डोळा तपासतात असे सांगितले तर, मग उजेडाने कान तपासत असतील, असा विनोद कुणालाही सुचेल. (आणि तो अगदीच खोटाही नाही, कानाच्या डॉक्टरांना विचारून पाहा.) सोनोग्राफी हा शब्द आता घराघरात गेलेला आहे, पण तो पोटाच्या संदर्भात. डोळ्याचीही सोनोग्राफी असते, आणि आपल्या घरातील ज्या वडील माणसाचा मोतीबिंदू काढला त्याची ती बहुधा झालेली असते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. म्हणून आज थोडे बैजवार सांगण्याचा विचार आहे.

न कापता, न टोचता आतले पाहता येते असा शरीरातला अवयव म्हणजे डोळा. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याच्या साधनाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या व मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टितंत्रिकेचे टोक डॉक्टरला प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. केवढी मोठी सोय झाली ही! परंतु या सोयीला एक अट आहे. वाट स्वच्छ पाहिजे. बुबुळावर फूल पडले, मोतीबिंदू पिकून पांढरा झाला, किंवा मधुमेहाने डोळ्याच्या पोकळीत रक्त सांडले, की उजेड आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. रोग्याला बाहेरचे दिसत नाही आणि डॉक्टरला आतले दिसत नाही, अशी दोघांचीही एकदमच अडचण होते.

मग पूर्वी काय करीत? अंधाऱ्या खोलीत रोग्याला बसवीत, एक डोळा हाताने झाकायला सांगत आणि दुसऱ्या डोळ्यावर वरून, खालून, उजवीकडून, डावीकडून बॅटरीचा झोत टाकून विचारीत, "आजी, उजेड कुठून येतोय?" चारही दिशा बरोबर सांगितल्या तर मागचा पडदा शाबूत आहे असे धरून शस्त्रक्रिया करीत. ही परीक्षा आजही करतात आणि ती टाकाऊ नाही. परंतु तिच्यावर सगळा भार टाकला की कधी कधी फसगत होई. मोतीबिंदू निघे, पट्टी सुटे, आणि पाहावे तो मागचा पडदा कधीचा सुटून गोळा होऊन पडलेला! शस्त्रक्रिया उत्तम झालेली, पण दृष्टी शून्य. त्या आजींनी मोडलेली बांगडी काही परत येत नसे.

येथे उजेडाचा उपाय खुंटला. आता आवाजाकडे वळू. आणि आवाजाची गोष्ट वटवाघळापासून सुरू करावी लागते.

अठराव्या शतकाच्या शेवटी, १७९३ च्या सुमारास, इटलीत स्पालान्झानी नावाच्या धर्मगुरू-शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की वटवाघळाला आंधळे केले तरी ते खोलीत बांधलेल्या दोऱ्या चुकवीत बिनदिक्कत उडते. जिनेव्हाच्या झुरीन या वैद्याने पुढे दाखवले की कान बुजवले तर मात्र ते धडकते. म्हणजे हा प्राणी कानाने पाहतो! ही कल्पना त्या वेळच्या विद्वानांना इतकी विचित्र वाटली की ती सुमारे दीड शतक बाजूलाच पडून राहिली. १९३८ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ग्रिफिन नावाच्या विद्यार्थ्याने आणि पिअर्स या प्राध्यापकांनी, माणसाला ऐकू न येणारा आवाज पकडणाऱ्या यंत्रापुढे वटवाघळे धरली. तेव्हा कळले की हे "मुके" प्राणी सारखे ओरडत असतात. फक्त ते ओरडणे आपल्या कानाच्या पट्टीच्या वर असते. आपला कान सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकतो. त्याच्या वरचा जो ध्वनी, त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात.

असा ध्वनी माणसाने कसा निर्माण करायचा? त्याची किल्ली पिएर आणि झाक या क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधून ठेवली होती. काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठभागावर वीज उत्पन्न होते. उलट, वीज दिली तर स्फटिक आकसतो आणि फुगतो. वीज झपाट्याने उलटसुलट केली की स्फटिक तितक्याच झपाट्याने थरथरतो आणि ध्वनी निघतो. परत आलेला ध्वनी त्याच स्फटिकावर आदळला की पुन्हा वीज होते. एकच वस्तू तोंडही झाली आणि कानही झाली. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने याच गुणाचा उपयोग पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकण्यासाठी केला. पुढे कारखान्यांतून लोखंडाच्या आतली चीर शोधायला हेच साधन वापरू लागले. समुद्र, मग लोखंड, आणि शेवटी माणसाचे शरीर, असा या विद्येचा प्रवास आहे.

डोळ्यापर्यंत ती १९५६ साली पोहोचली. त्या वर्षी अमेरिकेत मुंड्ट आणि ह्यूज या दोघांनी डोळ्यातील गाठींच्या परीक्षेसाठी श्राव्यातीत ध्वनी वापरल्याचे प्रसिद्ध केले. पाठोपाठ फिनलंडमध्ये ओक्साला याने डोळ्याच्या निरनिराळ्या भागांतून ध्वनी किती वेगाने जातो हे मोजायला घेतले. आणि १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये बाउम आणि ग्रीनवुड यांनी नुसत्या रेघांच्या ऐवजी डोळ्याच्या छेदाचे चित्रच मिळवले. सुरुवातीची ही यंत्रे अवजड होती आणि डोळ्यापुढे पाणी धरून ठेवण्याची खटपट करावी लागे. १९७० नंतरच्या काही वर्षांत पेनासारखे हातात धरून पापणीवर टेकवता येईल असे साधन निघाले, आणि मग ही तपासणी प्रयोगशाळेतून दवाखान्यात आली.

आता ही तपासणी करतात कशी ते पाहू. रोगी पाठीवर निजतो. मिटलेल्या पापणीवर थोडी जेली लावतात. ही जेली कशाला, असे पुष्कळजण विचारतात. या उंच पट्टीच्या ध्वनीला हवेचे भारी वावडे आहे. साधन आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा केसाएवढा थर राहिला तरी जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच परत फिरतो. जेलीने ती फट बुजते. साधनातून सेकंदाला सुमारे १ कोटी कंपनांचा ध्वनी अगदी छोट्या छोट्या ठिणग्यांसारखा आत सोडतात. पदार्थ बदलला की थोडा ध्वनी परत येतो: भिंगाच्या पुढच्या पृष्ठभागावरून, मागच्या पृष्ठभागावरून, पडद्यावरून. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. तेवढे अंतर जाऊन परत यायला ध्वनीला एका सेकंदाचे १० लाख भाग केले तर त्यातले साधारण ३१ भाग पुरतात. हा काळ मोजून यंत्र अंतर सांगते. विहिरीत खडा टाकून "बुडुक" ऐकू येईपर्यंत अंक मोजणारे आपण सारे या शास्त्राचे बालवर्गातले विद्यार्थी आहोत.

मग कंपने १ कोटीच का? ५ कोटी का नकोत? पट्टी जितकी उंच तितके बारीक दिसते हे खरे. परंतु उंच पट्टीचा ध्वनी लवकर शोषला जातो. गणपतीची मिरवणूक लांब असते तेव्हा आपल्याला ढोलाचा ठोका ऐकू येतो, झांजेची किणकिण येत नाही. ती जवळ आल्यावरच येते. तसेच हे आहे. ५ कोटी कंपनांची यंत्रेही आहेत. १९९० च्या सुमारास कॅनडात टोरोंटो येथे पाव्हलिन आणि फॉस्टर यांनी ती डोळ्यासाठी पुढे आणली. त्यांनी बुबुळाच्या कडेमागचा कोपरा, जिथे काचबिंदूचे मूळ असते, तो फार बारकाईने दिसतो. पण ४-५ मिलिमीटरच्या पलीकडे त्यांची मजल जात नाही.

परत येणारा ध्वनी दाखवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत नुसती आडवी रेघ आणि तिच्यावर ठिकठिकाणी उभे सुळके दिसतात. सुळका जितका उंच तितका प्रतिध्वनी जोरदार. दुसरीत ध्वनीचा झोत पंख्यासारखा फिरवून करड्या ठिपक्यांचे चित्र तयार होते, जणू कलिंगड मधोमध चिरून समोर ठेवले आहे. पहिलीला "ए" स्कॅन आणि दुसरीला "बी" स्कॅन म्हणतात. चित्र पाहायला सोपे, म्हणून नवशिक्याचा ओढा चित्राकडे असतो. पण सुळके वाचता येत नाहीत त्याने चित्रावर फार भरवसा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे एका उदाहरणाने सांगतो.

मधुमेहाच्या एखाद्या रोग्याच्या डोळ्यात रक्तस्राव झाला आहे. आत पाहिले तर सगळे लाल. सोनोग्राफीत पोकळीच्या मधोमध एक पांढरी, वळणदार रेघ दिसते. ही रेघ काय आहे? दोन शक्यता आहेत. डोळ्याच्या पोकळीत काचेसारखा जो पारदर्शक गर असतो, तो वयाने किंवा रोगाने मागच्या पडद्यापासून सुटतो, तेव्हा त्याची पातळ साय अशी रेघ दाखवते. ती बहुतांशी निरुपद्रवी असते. दुसरी शक्यता म्हणजे दृष्टीचा पडदाच सुटला आहे. पहिलीत थांबता येते. दुसरीत दिवस मोजावे लागतात, कारण पडद्याचा मधला, बारीक दिसणारा भाग अजून चिकटून असेल तर तो सुटण्याच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी. चित्रात मात्र दोन्ही रेघा रेघाच!

तपासणारा मग तीन गोष्टी करतो. रेघेची टोके कुठे जातात ते पाहतो. दृष्टीचा पडदा मागे दृष्टितंत्रिकेच्या मुखाशी आणि पुढे डोळ्याच्या कडेला पक्का शिवलेला असतो. म्हणून तो सगळा सुटला तरी मागे त्या मुखाशीच येऊन मिळतो आणि चित्रात नरसाळ्यासारखा आकार दिसतो. गराची साय अशी बांधलेली नसते. दुसरे, तो यंत्राचा आवाज उतरवतो, म्हणजे प्रतिध्वनी मुद्दाम मंद करून पाहतो. साय लवकर विझते, पडदा चमकत राहतो आणि रेघेवरच्या तऱ्हेत त्याचा सुळका पार माथ्यापर्यंत उभा असतो. तिसरे, मला स्वतःला सर्वांत आवडणारे: रोग्याला सांगतात, "डोळा डावीकडे न्या, आता चटकन उजवीकडे, आणि थांबा." डोळा थांबला तरी गराची साय वाऱ्यावरच्या पदरासारखी हेलकावत राहते. ताजा सुटलेला पडदा थोडा हलतो आणि आवरतो. जुना, आकसलेला, ताठर झालेला पडदा हलतच नाही, आणि त्याचे नरसाळे मिटून गेलेले असते. अशा डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून काही हाती लागायचे नाही, हे त्या घरच्या माणसांना आधीच सांगता येते. तसे सांगणे कठीण जाते. पण कर्ज काढून शहरात आलेल्या कुटुंबाला खोटी आशा देऊन परत पाठवणे हे त्याहून वाईट आहे.

आता भिंगाच्या नंबराविषयी. पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा येई, तो आपल्यातल्या वडील मंडळींना आठवत असेल. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. भिंग आत राहू शकते हे सिद्ध झाले, पण त्या पहिल्या रोग्याला फार मोठा उणे नंबर आला. कारण उघड आहे. प्रत्येक डोळ्याची लांबी निराळी, बुबुळाची गोलाई निराळी. सगळ्यांना एकाच मापाचा अंगरखा कसा बसणार? बुबुळाची गोलाई मोजायचे साधन होते. लांबी मोजायची सोय या ध्वनीने दिली. १९८० साली सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांनी पुष्कळ शस्त्रक्रियांच्या निकालांवरून या दोन मापांतून भिंगाची शक्ती काढण्याचे सोपे सूत्र दिले. हल्ली त्याहून सुधारलेली सूत्रे वापरतात, पण मुख्य हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: लांबीत १ मिलिमीटरची चूक म्हणजे चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीचाची चूक.

आणि चूक होते कशी? बुबुळ मऊ असते. मोजणाऱ्याने साधन जरा दाबले की डोळा दोन दशांश मिलिमीटर चपटा होतो आणि अर्धा नंबर चुकतो. यंत्र लाखांचे असो, माप शेवटी हाताच्या हलकेपणावर अवलंबून राहते. म्हणून काही ठिकाणी डोळ्यावर लहान वाटी ठेवून तीत पाणी भरतात आणि साधन त्या पाण्यात धरतात; बुबुळाला स्पर्शच नाही. पडद्याच्या शस्त्रक्रियेत पूर्वी सिलिकॉनचे तेल भरले असेल तर आणखी एक गंमत होते. त्या तेलात ध्वनी डोळ्यातल्या गरापेक्षा कितीतरी हळू चालतो, म्हणून हिशेब न बदलल्यास डोळा जवळजवळ दीडपट लांब दिसतो! १९९९ पासून प्रकाशाने लांबी मोजणारी यंत्रे निघाली आहेत. ती अधिक अचूक आहेत आणि त्यांत डोळ्याला हात लागत नाही. तेव्हा ध्वनीचे दिवस संपले असे कुणी म्हणेल. पण प्रकाशाची अट तीच जुनी आहे, वाट मोकळी पाहिजे. पार पिकलेल्या मोतीबिंदूतून तो जात नाही, आणि आपल्याकडे खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रोग्यांत असे मोतीबिंदू अजून दुर्मीळ झालेले नाहीत.

एक विषय जरा गंभीर आहे. लहान मुलाच्या बाहुलीत कधी कधी पांढरी चमक दिसते, दिव्याच्या उजेडात मांजराच्या डोळ्यासारखी. बहुधा ती आईलाच आधी दिसते, किंवा फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरे दिसते. घरातले म्हणतात, "लहान आहे, जाईल आपोआप." माता-भगिनींना माझी विनंती आहे की अशा वेळी एक दिवसही थांबू नका. ती चमक जन्मजात मोतीबिंदूची असेल, दुसऱ्या काही विकाराची असेल. पण ती पडद्याच्या कर्करोगाचीही असू शकते आणि हा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. शरीरात इतरत्र गाठ असली तर सुईने तुकडा काढून तपासतात. येथे ते करता येत नाही, कारण सुईच्या वाटेने रोग डोळ्याबाहेर पसरण्याची भीती असते. म्हणजे निदान पाहूनच करायचे. या गाठीत बहुधा चुन्याचे कण साठलेले असतात. ध्वनी त्यांवरून जोराने परततो आणि त्यांच्या मागे चित्रात काळी सावली पडते. ही खूण सापडली की पुढची दिशा ठरते. गाठ दृष्टितंत्रिकेत शिरली आहे का हे कळण्यासाठी मात्र चुंबकीय चित्रण लागते. ते काम ध्वनीचे नव्हे. एकेकाळी डोळा काढून टाकणे हाच उपाय होता. आज वेळेवर आलेल्या पुष्कळ मुलांचा जीव तर वाचतोच, डोळाही राखता येतो. वेळेवर, हा शब्द मात्र विसरू नये.

आपल्या देशात दिसणारा आणखी एक प्रकार म्हणजे पट्टकृमीची अळी. या कृमीची अंडी घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. तेव्हा "आम्ही शाकाहारी, आम्हाला हे कशाला होईल" असे म्हणण्यात अर्थ नाही. अळी रक्तावाटे डोळ्यात किंवा डोळा हलवणाऱ्या स्नायूत जाऊन बसते. सोनोग्राफीत एक गोल पाण्याची पिशवी आणि तिच्या आत एक चमकदार ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे अळीचे डोके. नेमके ठिकाण कळणे फार महत्त्वाचे आहे. ती स्नायूत असेल तर औषधाने बरे होते. डोळ्याच्या गोळ्यात असेल तर मात्र औषधाने तिला तिथेच मारणे धोक्याचे, कारण मेलेल्या अळीमुळे डोळा आतून पेटतो. ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते.

छिन्नी-हातोड्याचे काम करणाऱ्यांच्या डोळ्यात लोखंडाचा कपचा शिरतो तेव्हाही ध्वनी उपयोगी पडतो, पण तेथे पहिला मान क्ष-किरणांच्या छेदचित्रणाचा. लोखंडाचा संशय असताना चुंबकीय चित्रण कदापि करू नये; चुंबकाने कपचा आत हलतो. आणि डोळा फुटलेला असेल तर त्यावर सोनोग्राफीचे साधनही दाबू नये, नाहीतर आतला ऐवज बाहेर यायचा. आधी जखम शिवायची, मग तपासायचे.

इतके गुणगान केल्यावर यंत्राला काय कळत नाही तेही सांगितले पाहिजे. पडदा जागेवर आहे, हे ते सांगते. तो काम करतो की नाही, हे त्याला कळत नाही. काचबिंदूने दृष्टितंत्रिका सुकून गेलेला डोळा या चित्रात बहुधा निरोगी डोळ्यासारखाच दिसतो. म्हणून अंधाऱ्या खोलीतली ती बॅटरी आम्ही अजून टाकलेली नाही. बाहुली उजेडाने आकसते का, उजेडाची दिशा सांगता येते का, हे आधी पाहायचे आणि मग यंत्राकडे जायचे. दोन्हींचे एकमत झाले तर ठीक. नाही झाले तर पुन्हा रोग्याशेजारी बसायचे.

अध्यक्षमहाशयांकडे काही चिठ्ठ्या आल्या आहेत. वेळ थोडा आहे, दोनच घेतो.

एका गृहस्थांनी विचारले आहे की या तपासणीने डोळ्याला इजा होते का, आणि दुखते का. दुखत नाही. बुबुळाला साधन टेकवायचे असेल तर आधी बधिर करणारा थेंब घालतात. यात क्ष-किरण नाहीत. डोळ्यासाठी ध्वनीची शक्ती किती असावी याची मर्यादा इतर अवयवांपेक्षा खाली ठेवलेली आहे. म्हणून पोटाच्या तपासणीसाठी लावलेले यंत्र तसेच डोळ्यावर ठेवू नये, डोळ्याची मांडणी निवडून मगच ठेवावे.

दुसरी चिठ्ठी एका भगिनींची आहे: "सासूबाईंचा मोतीबिंदू पुरता पिकू द्यावा का?" नको. पिकण्याची वाट पाहणे ही जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली गोष्ट. फार पिकलेला मोतीबिंदू फुगून किंवा पाझरून डोळ्यातला दाब वाढवतो, डोळा लाल होतो, भयंकर ठणकतो, आणि मग शस्त्रक्रिया करूनही दृष्टी मिळेलच असे राहत नाही. त्यांना रोजची कामे करायला अडचण पडत असेल, तांदळातला खडा दिसत नसेल, जिना उतरताना भिंत धरावी लागत असेल, तर आताच दाखवा. बाई, त्यांना या आठवड्यातच घेऊन जा.